धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठीची निवासी मानसोपचार सेवा : एक परीक्षण

कॅथॉलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी खास चालवल्या जाणाऱ्या मानसोपचार केंद्रांविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. जे बोलले जाते ते मिस्सा (चर्चमधील सामुदायिक उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात, आवाज खाली आणून. वसई परिसरात एखादा काका फादर नाही किंवा एखादी आत्या सिस्टर नाही असे कॅथॉलिक घर शोधावे लागेल. त्यामुळे ‘फादर काही महिने बाहेर गेले आहेत’ किंवा ‘सिस्टरांना विश्रांतीसाठी पाठवले आहे’ ही वाक्ये आपल्या कानांना सवयीची आहेत. परंतु ते कुठे जातात, तिथे त्यांच्यावर कोणते उपचार होतात, त्यांचा खर्च कोण करतो आणि त्यांनी मोकळेपणाने जे सांगितलेले असते ते पुढे कोणापर्यंत पोहोचते, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. समुपदेशनाच्या कामात व्रतस्थ स्त्रीपुरुषांशी माझा संबंध येत राहिला आहे, आणि या केंद्रांचा इतिहास, त्यांची कार्यपद्धती व त्यांना लागू असलेले चर्चचे नियम मी बारकाईने वाचले आहेत. त्या आधारावर या सेवेचे हे परीक्षण करीत आहे.

माझे मत आधीच सांगते. उपचार म्हणून ही सेवा चांगली आहे. जिथे ती नीट चालवली जाते तिथे व्रतस्थ माणसाला सर्वसाधारण खासगी दवाखान्यापेक्षा तिचा अधिक उपयोग होतो, कारण तिथल्या तज्ज्ञांना पाचारण (या जीवनासाठी आलेली देवाची हाक), ब्रह्मचर्याचे व्रत, आज्ञापालन आणि एकाच छताखालचे सामुदायिक जीवन म्हणजे काय, हे पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही. तिचा मोठा दोष उपचार करणारा, उपचार घेणारा आणि पैसे भरणारा बिशप किंवा वरिष्ठ या तिघांच्या नात्यात आहे. ही सेवा नेमकी कोणाच्या बाजूची, या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर तिने अनेक दशके दिलेले नाही, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास धर्मभगिनींना होतो.

अमेरिकेत या प्रकारच्या सेवेची पायाभरणी १९४७ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील हेमेझ स्प्रिंग्ज येथे झाली. फादर जेराल्ड फिट्झजेराल्ड यांनी अडचणीत सापडलेल्या धर्मगुरूंसाठी ‘सर्व्हंट्स ऑफ द पॅराक्लीट’ हा संघ स्थापन केला, आणि दारूच्या आहारी गेलेले, खचलेले, वरिष्ठांशी बिनसलेले धर्मगुरू तिथे पाठवले जाऊ लागले. फिट्झजेराल्ड यांचा सगळा भर प्रार्थना, विश्रांती आणि पवित्र साक्रामेंताच्या (ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीच्या) आराधनेवर होता. मानसशास्त्राकडे ते संशयाने पाहत. तरीही एका बाबतीत त्यांची दृष्टी पुढच्या काळातील कित्येक तज्ज्ञांपेक्षा स्वच्छ होती. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूला सुधारून पुन्हा धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या लोकांत) पाठवता येईल हे त्यांना मान्य नव्हते. १९५० च्या दशकात त्यांनी बिशपांना पत्रे लिहून तसे बजावले होते, आणि अशा धर्मगुरूंना कायमचे दूर ठेवण्यासाठी कॅरिबियन समुद्रातील एखादे बेट विकत घेण्यापर्यंत त्यांची तयारी होती. त्यांचे ऐकले गेले नाही. उलट त्यांनीच उभ्या केलेल्या केंद्रात राहून आलेले असे काही धर्मगुरू पुढे पुन्हा सेवेत रुजू झाले.

१९५६ मध्ये मिशिगनमधील लेक ओरायन येथे ऑस्टिन रिप्ली यांनी ‘गेस्ट हाऊस’ हे उपचारकेंद्र सुरू केले. रिप्ली हे प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, होते आणि स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले होते. मद्यासक्ती हा आजार आहे आणि आजारी धर्मगुरूला शरमिंदे न करता बरे करता येते, ही त्यांची भूमिका त्या काळी धाडसाची होती. धर्मभगिनींसाठी तिथे सोय व्हायला मात्र पुढे अनेक वर्षे लोटावी लागली. १९६० च्या दशकात कॅनडातील ओंटारिओमध्ये ‘साउथडाउन’ उभे राहिले, आणि १९८१ मध्ये मेरिलँड राज्यात फादर मायकेल पीटरसन यांनी ‘सेंट ल्यूक इन्स्टिट्यूट’ सुरू केले. पीटरसन हे धर्मगुरू आणि मनोविकारतज्ज्ञ असे दोन्ही होते, त्यामुळे आध्यात्मिक मार्गदर्शन आणि वैद्यकीय उपचार यांची सांगड इथे जेवढ्या विचारपूर्वक घातली गेली तेवढी तोपर्यंत क्वचितच घातली गेली होती.

मानसशास्त्राचा शिरकाव इतका उशिरा का झाला, याला रोममधूनच आलेले एक कारण आहे. १५ जुलै १९६१ रोजी होली ऑफिसने, म्हणजे श्रद्धेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या रोममधील खात्याने, एक ताकीद काढली आणि बिशपांची किंवा वरिष्ठांची परवानगी व तसेच गंभीर कारण असल्याशिवाय धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी मनोविश्लेषकांकडे जाऊ नये असे बजावले. मनोविश्लेषणातील काही गृहीतके ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाहीत ही त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पण त्या ताकिदीचा सामान्य अर्थ ‘मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा’ असा घेतला गेला, आणि तो समज आजही अनेक मठांच्या भिंतींत मुरलेला आहे. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९७१ मध्ये, रोमच्याच ग्रेगोरियन विद्यापीठात फादर लुइजी रुल्ला यांच्या पुढाकाराने मानसशास्त्राची स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि पाचारणामागच्या नेणिवेतल्या प्रेरणांचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. चर्चचा विचार किती वेगाने बदलू शकतो याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि मला ते दिलासा देणारे वाटते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. सेंट ल्यूकच्या पद्धतीच्या केंद्रात पहिला टप्पा असतो तो मूल्यमापनाचा. काही दिवसांच्या मुक्कामात मनोविकारतज्ज्ञाची मुलाखत, शारीरिक तपासणी, व्यक्तिमत्त्वाच्या प्रमाणित चाचण्या, बालपणापासूनचा कौटुंबिक व लैंगिक इतिहास, सामुदायिक जीवनातील नाती आणि प्रार्थनाजीवन या सगळ्यांची पाहणी वेगवेगळे तज्ज्ञ करतात आणि मग एकत्र बसून निष्कर्ष काढतात. एकट्या डॉक्टरच्या मतावर माणसाचे भवितव्य ठरत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. नैराश्य आहे असे वाटून पाठवलेल्या धर्मगुरूचा त्रास थायरॉइडचा निघू शकतो, आणि ‘आज्ञा मानत नाही’ म्हणून पाठवलेली सिस्टर वर्षानुवर्षांच्या अतिश्रमाने कोलमडलेली असू शकते. शरीर, मन आणि आध्यात्मिक जीवन एकत्र पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

मूल्यमापनानंतर गरज असेल तर काही महिन्यांचा निवास. त्यात वैयक्तिक उपचार, गटोपचार, आवश्यक तिथे औषधे, व्यायाम आणि रोजची मिस्सा असा दिनक्रम असतो. माझ्या मते गटोपचार हा त्याचा गाभा आहे. प्रवचनपीठावरून बोलण्याची सवय झालेल्या माणसाला आठ-दहा जणांच्या वर्तुळात बसून ‘मला एकटे वाटते’ हे साधे वाक्य उच्चारायला काही आठवडे लागू शकतात, आणि ते उच्चारल्यावर समोरचा दुसरा धर्मगुरू मान डोलावतो तेव्हा जे घडते ते कोणत्याही गोळीने घडत नाही. निवास संपल्यानंतरही पाठपुरावा चालू राहतो, आणि हाही मोठा गुण आहे, कारण व्रतस्थ माणूस उपचारानंतर त्याच मठात, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली आणि बहुधा त्याच कामावर परत जात असतो.

या केंद्रांत येणारी माणसे कोण, याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. सगळेच धर्मगुरू आतून मोडलेले असतात असे एका बाजूला बोलले जाते, आणि देवाच्या माणसांना असले त्रास होतच नाहीत असे दुसऱ्या बाजूला मानले जाते. अमेरिकन बिशपांनीच करवून घेतलेल्या आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील युजीन केनेडी आणि त्यांचे सहकारी व्हिक्टर हेकलर यांनी २७१ धर्मगुरूंच्या सखोल मुलाखती घेतल्या. त्यांतील सुमारे ७ टक्के भावनिकदृष्ट्या पूर्ण विकसित, १८ टक्के विकसित होत असलेले, ६६ टक्के अविकसित आणि ८ टक्के गंभीर अडचणी असलेले, असे त्यांना आढळले. ‘अविकसित’ या शब्दाने तेव्हा खळबळ उडाली, पण त्या मोठ्या गटाचे वर्णन वाचले की ओळखीचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. हे धर्मगुरू कष्टाळू आणि बुद्धिमान आहेत, लोकांत मान्यता पावलेले आहेत. पण जवळचा मित्र नाही, राग आला तर तो सिद्धान्ताच्या भाषेत मांडायचा, स्वतःच्या लैंगिकतेकडे पौगंडावस्थेतील मुलाच्या संकोचाने पाहायचे, आणि ‘धर्मगुरू’ या भूमिकेबाहेर आपण कोण हे ठाऊक नाही. अभ्यासात तुलनेसाठी दुसऱ्या व्यवसायातील पुरुषांचा गट नव्हता ही त्याची उणीव आहे, आणि अमेरिकेतील धर्मगुरू ही सामान्य माणसेच आहेत हा खुद्द संशोधकांचा मुख्य निष्कर्ष होता. तेवढाच सर्वांनी विसरला.

अलीकडचे आकडे अधिक आशादायक आहेत, पण सरळ नाहीत. अमेरिकेतील कॅथॉलिक विद्यापीठाच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये ३,५१६ धर्मगुरूंकडून मिळालेल्या उत्तरांत ७७ टक्के धर्मगुरू समाधानाने व अर्थपूर्ण जगत असल्याचे आढळले. त्याच वेळी ४५ टक्क्यांमध्ये अतिताणाने खचल्याचे किमान एक लक्षण होते, आणि आपल्यावर खोटा आरोप होईल ही भीती ८२ टक्के धर्मगुरूंनी व्यक्त केली. स्वतःच्या बिशपांवर विश्वास असल्याचे धर्मप्रांतीय (कोणत्याही संघात नसलेल्या, थेट बिशपांच्या हाताखालील) धर्मगुरूंपैकी जेमतेम निम्म्यांनीच सांगितले. पुढच्या मुद्द्यासाठी हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण मानसोपचार केंद्रात जाणाऱ्याचा अहवाल वाचणारा माणूस बहुधा तोच बिशप असतो.

मूल्यमापनाच्या मर्यादेबद्दल एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांत सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेत) येऊ इच्छिणारे उमेदवार स्वतःला निर्दोष दाखवण्याकडे झुकतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ज्याने ‘चांगला मुलगा’ म्हणून आयुष्य काढले आणि आता देवाला दिलेला शब्द पाळायला निघाला आहे, तो ‘मला कधी कधी शिवी द्यावीशी वाटते’ या विधानापुढे सहजासहजी ‘होय’ लिहीत नाही. धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या कारणांवर न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजने २०११ मध्ये दिलेल्या अहवालानेही सांगितले की अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना इतरांपासून आधीच वेगळे ओळखता येईल असे कोणतेही एक मानसिक लक्षण सापडले नाही. म्हणून जो वरिष्ठ ‘चाचणीत पास झाला ना, मग झाले’ असे म्हणतो, तो या सेवेकडून ती देऊ शकत नाही अशी हमी मागत असतो.

आता अहवालाचा प्रश्न. मुलांवर अत्याचार करणारा बॉस्टनचा धर्मगुरू जॉन गेगन याच्या प्रकरणात या सेवेची सगळी दुर्बलता एकत्र दिसली. १९८९ मध्ये त्याचे सेंट ल्यूक येथे मूल्यमापन झाले आणि मुलांविषयीच्या लैंगिक विकृतीचे निदान स्पष्टपणे करण्यात आले. त्यानंतर त्याला हार्टफर्ड येथील दुसऱ्या एका नामांकित मनोरुग्णालयात ठेवण्यात आले, काही महिन्यांत तो मध्यम प्रमाणात सुधारल्याचे लिहून आले, आणि त्याच वर्षी तो पुन्हा धर्मग्रामात परतला. २००२ मध्ये तो मुलावरील अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरला. त्याच सुमारास त्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले की चर्चकडून त्यांना पूर्ण माहिती दिली जात नव्हती आणि त्यांनी दिलेल्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले जात होते. इथे निदान करणाऱ्यांनी आपले काम केले होते. पण अहवाल ज्याच्या हाती पोहोचला त्याने त्यातले हवे तेवढेच वाचले. मुलांचे संरक्षण जिथे पणाला लागते तिथे गोपनीयतेचा आधार घेता येणार नाही, तिथे पोलीस आणि कायदा हाच मार्ग आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु या केंद्रांत येणाऱ्या बहुसंख्य व्रतस्थांनी कोणाचाही गुन्हा केलेला नसतो. ते नैराश्य, चिंता, व्यसन, अतिताण, सततची अपराधी भावना किंवा कोणाशीच न जमणारा स्वभाव घेऊन येतात. त्यांच्या बाबतीत अहवाल वरिष्ठांकडे जाणे हा वेगळाच प्रश्न होतो, आणि गुन्ह्याच्या प्रकरणांतून जन्मलेली देखरेखीची सवय त्यांनाही लागू केली जाते, हा या सेवेवरचा माझा मुख्य आक्षेप आहे.

कागदावर नियम चांगले आहेत. कॅनन कायद्याचे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचे, कलम २२० प्रत्येक व्यक्तीच्या खासगीपणाचे रक्षण करते. सेमिनरीत मानसशास्त्राचा वापर कसा करावा याविषयी रोमने २९ जून २००८ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत उमेदवाराची पूर्वसंमती माहितीपूर्ण, स्पष्ट आणि मुक्त असली पाहिजे, त्याने नकार दिला तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये, आणि अहवाल त्याच्या लेखी संमतीनेच संबंधित वरिष्ठांना दाखवावा असे स्पष्ट म्हटले आहे. हे तरुण उमेदवारासाठी मोठे संरक्षण आहे. पण ही तत्त्वे धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या पुरुषांसाठी लिहिलेली आहेत. धर्मभगिनींच्या नोव्हिशिएटसाठी (पहिली व्रते घेण्यापूर्वीच्या प्रशिक्षणकाळासाठी) एवढ्या तपशिलाचे काही नाही; कलम ६४२ उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव आणि परिपक्वता तपासण्यासाठी तज्ज्ञांची मदत घेता येईल असे सांगते आणि कलम २२० ची आठवण करून देऊन थांबते.

आणि धर्मभगिनींचीच स्थिती सर्वांत नाजूक आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही. त्याला मानधन मिळते, त्याच्याकडे बहुधा गाडी किंवा मोटारसायकल असते, आणि मनात आले तर तो कोणालाही न सांगता दादर किंवा पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जाऊन स्वतःच्या खिशातून फी देऊ शकतो. सिस्टरच्या खिशात बसभाड्याचे पैसे असतात तेही कशासाठी घेतले ते सांगून. तिने डॉक्टरकडे जायचे म्हणजे वरिष्ठांची परवानगी, सोबतीला दुसरी सिस्टर, बिल मठाच्या नावावर आणि औषधाची चिठ्ठी मठाच्या हिशेबात. मानसोपचाराची पहिली अटच अशी की आत काय बोलले गेले ते बाहेर कोणाला कळू नये. इथे ती आत गेली आहे हेच सगळ्यांना कळलेले असते.

त्यातच भीती आहे ती परिणामांची. तात्पुरती व्रते घेतलेल्या सिस्टरला कायमच्या व्रतांसाठी स्वीकारायचे की नाही हे ठरवताना, व्रते घेतल्यानंतर उद्भवलेला मानसिक आजारसुद्धा, तज्ज्ञांच्या मते ती त्यामुळे या जीवनाला अयोग्य ठरत असेल, तर नकाराचे कारण होऊ शकतो, असे कलम ६८९ सांगते. त्याच कलमात दोन दयाळू अपवादही आहेत: आजार संस्थेच्या हलगर्जीपणामुळे किंवा संस्थेतील कामामुळे झाला असेल तर तो नकाराचे कारण होत नाही, आणि तात्पुरत्या व्रतांच्या काळात जिने मानसिक भान गमावले तिला संस्थेतून काढता येत नाही. पण हे अपवाद किती सिस्टरांना कोणी वाचून दाखवले आहेत? आणि संस्था सोडावी लागली तर केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क कलम ७०२ नुसार तिला नाही. संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रीतीने वागावे एवढेच म्हटले आहे. पंचवीस वर्षे शाळेत शिकवून चाळिशीनंतर हातात पिशवी घेऊन भावाच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना या कलमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अशा स्थितीत मूल्यमापनाच्या कागदावर ती जी संमतीची सही करते, ती मुक्त आहे असे मी म्हणू शकत नाही.

माझ्या परिचयातील एका सिस्टरने समुपदेशनात सांगितलेली घरची गोष्ट काही आठवड्यांनी वरिष्ठांच्या बोलण्यात तिला ऐकू आली. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला नव्हता. समुपदेशन करणारी त्याच संस्थेतील होती आणि वरिष्ठांना ‘मदत व्हावी’ म्हणून तिने सांगितले होते. त्या दिवसापासून ती सिस्टर कोणाशीही मनातले बोलली नाही. हे टाळण्यासाठी लागणारे शहाणपण चर्चकडे फार पूर्वीपासून आहे. १८९० मध्ये पोप तेरावे लिओ यांच्या काळात निघालेल्या हुकुमाने मठातील वरिष्ठांना सदस्यांकडून अंतरंगाची कबुली मागण्यास मनाई केली, आणि आजच्या कायद्यातही कलम ६३० हेच सांगते: सदस्याने आपणहून मन मोकळे करावे, वरिष्ठांनी तिला त्यासाठी कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये. पापनिवेदन आणि वरिष्ठांची खोली यांच्यात जी भिंत चर्चने इतक्या काळजीने बांधली, तीच भिंत समुपदेशकाची खोली आणि वरिष्ठांची खोली यांच्यात का नसावी, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

ज्यांतील व्रतस्थ सहसा बाहेर पडत नाहीत त्या बंदिस्त मठांचा विचार तर आणखी वेगळा करावा लागतो. अमेरिकन धर्मगुरू व मनोविकारतज्ज्ञ थॉमस व्हर्नर मूर यांनी १९३६ मध्ये मनोरुग्णालयांतील धर्मगुरू व व्रतस्थांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा एकूण प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कमी होते, पण बंदिस्त मठांतील धर्मभगिनींमध्ये ते जास्त आढळले. आजाराकडे आधीच झुकलेली काही माणसे या जीवनाकडे ओढली जातात असा तर्क मूर यांनी मांडला होता. तो तर्क मला अर्धाच पटतो. आत गेल्यावर माणसाला काय मिळते आणि काय मिळत नाही, हाही प्रश्न तेवढाच मोठा आहे.

आपल्याकडची परिस्थिती पाहायची तर सुरुवात लोणावळ्यापासून करावी लागते. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात ‘साधना’ हा उपक्रम सुरू केला. पुढे तो लोणावळ्याला गेला. देशभरातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी तिथे दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमांसाठी येत राहिले, आणि भारतीय व्रतस्थांच्या एका पिढीला स्वतःच्या भावनांना नाव द्यायला साधनेने शिकवले, हे तिचे योगदान मी फार मोलाचे मानते. पण व्यक्तिमत्त्व-विकासाचे शिबिर आणि मानसोपचार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याला झोप येत नाही, भूक लागत नाही आणि जगणे नकोसे झाले आहे त्याला ध्यानाच्या शिबिरात किंवा आठ दिवसांच्या रिट्रीटला पाठवून वरिष्ठांनी आपले कर्तव्य झाले असे समजू नये. आपल्याकडे ही गल्लत सर्रास होते, आणि तिच्यात आजार बळावतो.

भाषेचा मुद्दाही आपल्याकडे तितकाच खरा आहे. महाराष्ट्रातील मठांत वसई, मंगळूर, केरळ आणि छोटा नागपूर येथील मुली एकत्र राहतात. चाचण्या मात्र बहुधा इंग्रजीत आणि परदेशी मापदंडांवर, मुलाखतीही इंग्रजीत. आईच्या मृत्यूबद्दल सादरी किंवा सामवेदी बोलीत जे सांगता येईल ते इंग्रजी प्रश्नावलीत मावत नाही, आणि तिथे आलेले मौन मग ‘भावना दडपण्याची प्रवृत्ती’ म्हणून नोंदवले जाते. मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाने उमेदवाराच्या भाषेत किमान एक मुलाखत घ्यावी, किंवा तशी व्यक्ती सोबत ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भारतात मात्र व्रतस्थांच्या हाती एक साधन असे आहे ज्याचा उल्लेख मठांत फारसा होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार मानसिक आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्या व्यावसायिकाचे बंधन आहे, आणि फी मठाने भरली म्हणून ते बंधन सुटत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, लेखी नेमू शकते. सिस्टरने आपल्या बहिणीला किंवा भावाला नेमून ठेवावे असा माझा आग्रह आहे, कारण कोणालाच नेमले नसेल तर आधी नातेवाईक आणि मग सोबत राहून काळजी घेणारी व्यक्ती असा क्रम लागतो, आणि दूरच्या राज्यातून आलेल्या सिस्टरच्या बाबतीत ती व्यक्ती मठाची वरिष्ठच ठरण्याचा संभव असतो.

तेव्हा शिफारस अशी. व्यसन, दीर्घकाळचे नैराश्य किंवा पुन्हा पुन्हा मोडणारी नाती यांनी त्रासलेल्या धर्मगुरूने निवासी सेवेचा लाभ जरूर घ्यावा. पाठपुराव्याची सोय असलेलेच केंद्र निवडावे आणि नोंदणीकृत मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ तिथे प्रत्यक्ष आहेत याची खात्री करावी. धर्मभगिनींनी ती सेवा घेण्यापूर्वी अहवालात काय लिहिले जाईल आणि तो कोण वाचेल हे लेखी मागावे, संपूर्ण अहवालाऐवजी ‘कामावर परतण्यास योग्य’ किंवा ‘आणखी उपचार आवश्यक’ एवढाच निष्कर्ष वरिष्ठांना देता येतो का हे विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ आले तर दुसरे केंद्र पाहावे. धर्मभगिनींच्या संघांनी प्रत्येक सिस्टरच्या नावे वर्षाला एक ठरावीक रक्कम तज्ज्ञाच्या फीसाठी राखून ठेवावी, तिचा हिशेब केवळ पावतीपुरता असावा, आणि संस्थेबाहेरच्या दोन-तीन तज्ज्ञांची नावे मठाच्या फलकावर लावावीत; याला रोमची परवानगी लागत नाही, प्रांताधिकारिणीच्या एका पत्राने ते होते. जिला आज रात्रीच कोणाशी तरी बोलायचे आहे आणि परवानगी मागण्याचे बळ नाही, तिच्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि मराठीतही उपलब्ध आहे.